तिळांवर नजर ठेवायची, पण नेमकी कशी?

अंगावर पन्नासहून जास्त तीळ असतील, त्यात काही वेड्यावाकड्या कडांचे असतील, आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला मेलॅनोमा (त्वचेचा एक घातक कर्करोग) झाला असेल, किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर तिळांची नोंद ठेवावी. नुसत्या आठवणीवर विसंबू नये. सावकाश होणारा बदल रोज पाहणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

१. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून डर्मोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) सगळे अंग तपासून घ्या आणि कोणत्या तिळांवर लक्ष ठेवायचे ते ठरवून घ्या. सरसकट प्रत्येक तिळाचा जवळून फोटो काढायला गेलात, तर दोन-तीन महिन्यांत कंटाळून सोडून द्याल.

२. प्रत्येक निवडलेल्या तिळाचे दोन फोटो हवेत: जागा ओळखू येईल असा एक लांबून, दुसरा जवळून. खिडकीच्या उजेडात उभे राहा, फ्लॅश बंद. मिलिमीटरची पट्टी त्वचेला टेकवून तिळाशेजारी धरा. वर उचललेली पट्टी माप चुकवते. फोन १५-२० सेंटीमीटर लांब, सरळ समोर धरून २ पट झूम करा. अगदी चिकटवून काढलेल्या फोटोत तीळ फुगतो आणि मग उगाच घाबरगुंडी उडते. चेहरा उजळवणारा फिल्टर बंद आहे ना, तेही पाहा, कारण तो कडाच पुसून टाकतो. फाइलला तारीख आणि जागा द्या: ‘डावा खांदा, मागे’.

३. महिन्यातून एकदा अंघोळीनंतर मोठ्या आणि हातातल्या अशा दोन आरशांत पाहा. पाठ आणि डोक्याची त्वचा दुसऱ्याकडून बघून घ्या. केसांत भांग पाडत जायचे. सावळ्या त्वचेच्या लोकांनी तळपाय, तळहात आणि नखे मुळीच सोडू नयेत, कारण त्यांच्यात मेलॅनोमा बऱ्याचदा तिथेच निघतो. नखातली काळी रेघ रुंदावत असेल किंवा रंग नखाशेजारच्या कातडीवर उतरला असेल, तर थांबू नका.

४. तुलना नेहमी पहिल्या फोटोशी करा. गेल्या महिन्याशी केली तर फरक नगण्यच वाटणार. दोन अर्धे जुळत नाहीत, कडा तुटक आहेत, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत, व्यास ६ मिलिमीटरच्या पुढे गेला आहे, हे सगळे पाहायचे. पण सर्वात वजनदार खूण म्हणजे बदल. ५ मिलिमीटरचा तीळही धोक्याचा असू शकतो. बाकीच्या तिळांत परका दिसणारा एखादा असेल तर तोही दाखवा. बहुतेक मेलॅनोमा जुन्या तिळातून नाही, कोऱ्या त्वचेवर उगवतात, त्यामुळे चाळिशीनंतर आलेला नवा डागही नोंदवा.

५. घट्ट, उंचावलेली, आठवड्याआठवड्याला वाढणारी गाठ किंवा आपोआप रक्त येणारा तीळ असेल, तर पुढच्या महिन्याच्या फोटोची वाट पाहू नका. संशय कमी असेल तर डॉक्टर ३ महिन्यांनी डर्मोस्कोपने पुन्हा पाहतात.

संशयास्पद तीळ लेझरने किंवा ॲसिडने जाळून घेऊ नये. उपचार ठरतात ते गाठीच्या मिलिमीटरमधल्या जाडीवर, आणि जाळलेल्या तिळाची जाडी मोजता येत नाही. तो अखंड कापून पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा आणि रिपोर्ट जपून ठेवा. त्याच जागी पुन्हा रंग उमटला, तर डॉक्टर आधी तोच मागतील.