विमान आपोआप डुलतंय? जॉयस्टिकच्या उड्या अशा शोधा

संगणकावरच्या विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये सोलापूरच्या धावपट्टीवरून छोटं सेसना १७२ उचललं, हात स्थिर आहे, तरी डावा पंख मधेच खाली जातो. किंवा थ्रॉटल (इंजिनाचा जोर) क्षणभर शून्यावर येऊन परत वर जातो. अशा वेळी लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊ नका आणि सेटिंगलाही हात लावू नका. आधी उडी कुठं तयार होते ते ठरवायचं: दांड्यात, वायरीत की सिम्युलेटरमध्ये.

सिम्युलेटर बंद करा. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून जॉय डॉट सीपीएल टाइप करा, आपली जॉयस्टिक निवडून प्रॉपर्टीजमधलं टेस्टचं पान उघडा. अर्धा मिनिट दांड्याला हात न लावता चौकोनातलं अधिकचं चिन्ह बघा. मग प्रत्येक अक्ष (हालचालीची एकेक दिशा) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, दहा सेकंद तरी घ्या. भरभर फिरवलं तर दोष सुटून जातो.

इथं चिन्ह अगदी शांत असेल तर जॉयस्टिक बहुधा निर्दोष आहे, दोष सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये शोधा. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःच कळा आणि अक्ष वाटून देतो. त्यामुळे गेमपॅड, पेडल आणि जॉयस्टिक अशा तिघांकडे एकच रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं पान) जातो आणि ओढाताण सुरू होते. कंट्रोल्सच्या पानावर एकेक उपकरण उघडून एलेरॉन (पंख कलवणारा), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा), रडर आणि थ्रॉटल प्रत्येकी एकाच उपकरणावर ठेवा, बाकीचे पुसा. पेडलच्या ब्रेकचा अक्ष उलटा असेल तर पाय न लावताच ब्रेक दाबलेले राहतात. तो रिव्हर्स करा. ऑटोपायलट आणि मदतीचे पर्याय बंद करून, वारा शून्य ठेवून पुन्हा उडवून बघा.

पूर्ण थ्रॉटल दिल्यावर सेसना डावीकडे ओढते, तो मात्र बिघाड नव्हे. पंख्याच्या फिरण्यामुळे ते होणारच; उजवा पाय दाबायचा.

सगळे अक्ष एकदम उडत असतील, किंवा उपकरण निघाल्या-जोडल्याचा टुंग आवाज येत असेल, तर संशय वायरीवर आणि विजेवर. यूएसबी हब (एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारा डबा) काढून केबल थेट संगणकाच्या मागच्या पोर्टात लावा. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअरचं. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर तेवढ्यातच सगळ्यांना भागवावं लागतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला उपकरण बंद करू देणारी खूण काढा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. थरथर थांबली तर दोष चार्जरचा किंवा घराच्या अर्थिंगचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला आणि वायरमनकडून तपासून घ्या.

एकच अक्ष, आणि तोही ठरावीक जागीच उडत असेल, तर आतला पोटेन्शिओमीटर (फिरवला की रोध बदलून दांड्याची जागा सांगणारा भाग) खराब. त्याच्या कार्बनच्या पट्टीवर एक पातळ पत्रा घासत फिरतो. मधे धूळ आली की संपर्क तुटतो आणि आकडा भलतीकडेच जातो. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाजवळच्या घरात सुताचे तंतूही आत जातात, म्हणून वापर नसताना जॉयस्टिकवर कापड टाकाच.

वॉरंटी संपली असेल तरच खोला. केबल काढा, तळाचे स्क्रू सोडवा (एखादा रबरी पायाखाली किंवा स्टिकरखाली लपलेला असतो) आणि वायरी कुठून गेल्यात त्याचा फोटो काढा. पोटेन्शिओमीटरच्या पायांजवळच्या फटीतून काँटॅक्ट क्लीनरचा एकच छोटा फवारा मारा, दांडी टोकापासून टोकापर्यंत २०-३० वेळा फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या. गंज सोडवायचं साधं तेल नको. त्याच्या थरावर पुन्हा धूळ चिकटते.

महिनाभरात उड्या परत आल्या तर पट्टीच झिजली. अंगावर बी१०के असं छापलेलं असेल तर तो १० किलोओहमचा, समप्रमाणात वाढणारा. तोच आणा, ए अक्षराचा आवाजाच्या बटणासाठी असतो, आधी हळू आणि टोकाकडे एकदम वाढतो. दांडीची लांबी आणि कापही जुळवून घ्या. दुकानातच मल्टिमीटर लावा: मधला आणि एका कडेचा पाय यांतला रोध अडखळत नाही ना, ते बघा. पिळून फिरवायच्या रडरमध्ये मात्र पोटेन्शिओमीटरआधी वायर तपासा, सारखी पिळवटून ती सांध्याजवळ आतून तुटते.

हॉल सेन्सरच्या (चुंबकावरून जागा ओळखणाऱ्या) जॉयस्टिकमध्ये घासणारं काही नसतं. तिथं मध्य सरकला तर टेबलावरचा स्पीकर किंवा चुंबकाचा मोबाइल स्टँड दूर करून बघा. नंतर आतलं चुंबक सैल झालंय का ते.

कॅलिब्रेशन (दांड्याचा मध्य आणि टोकं संगणकाला नव्यानं शिकवणं) आणि डेड झोन (मध्याजवळची, हालचाल मोजली न जाणारी जागा) सगळ्यात शेवटी. डेड झोन ३ ते ५ टक्के पुष्कळ झाला. तो फक्त मध्याची थरथर गिळतो, अर्ध्या वाटेवरची उडी त्यानं लपत नाही. खराब पोटेन्शिओमीटरवर कॅलिब्रेशन केलं तर ती उडीच टोक म्हणून नोंदली जाते आणि दांडा पूर्ण दाबूनही एलेरॉन अर्धाच फिरतो.