खांदेरीला शिडाच्या होडीने जायचं आणि रात्री तिथंच नांगर टाकून राहायचं असेल तर

मुंबईत शिडाची होडी शिकलेले बरेच जण गेटवेसमोर गोल गोल फिरत बसतात आणि फार तर मांडव्याला जाऊन भजी खाऊन परत येतात. त्यापुढची पायरी म्हणजे खांदेरी, अलिबागजवळच्या समुद्रातलं किल्ल्याचं बेट. गेटवेपासून सरळ दक्षिणेला साधारण 13 नॉटिकल मैल, म्हणजे बावीस-चोवीस फुटी होडीला चार नॉट (तासाला चार नॉटिकल मैल) मिळाले तर साडेतीन-चार तास. जाणं अवघड नाहीये, खरं काम रात्रीचं आहे. कारण संध्याकाळी पाचला जी जागा एकदम मस्त वाटते तीच पहाटे तीनला धोक्याची होऊ शकते, का ते खाली सांगतो.

आधी दिवस ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, पावसाळ्यात विषयच नाही, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा फार जोर धरतो. पण महिना ठरवून भागत नाही, तिथी बघायची. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. नवमीला पावणेसात. हा अंदाज झाला, नेमकी वेळ टाइड टेबलवरूनच घ्या, पण प्लॅन ठरवायला पुरतो. मी तरी पहिल्यांदा जाणाऱ्याला शुक्ल अष्टमी-नवमीच सांगेन. एक तर भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटी लहान, चढउतार दीड-दोन मीटरच्या आसपास, उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेला) तोच चारच्याही पुढे जातो. दुसरं म्हणजे सकाळी निघताना ओहोटी लागलेली असते आणि ती तुम्हाला बंदराबाहेर स्वतःच ओढून नेते, आणि तिसरं, मध्यरात्रीपर्यंत चंद्र असतो, नांगरावर पहिल्यांदा रात्र काढताना त्या उजेडाची किंमत कळते.

सकाळी सातला निघा. त्या वेळी मतलई वारा असतो, जमिनीवरून येणारा, साधारण ईशान्येचा, म्हणजे दक्षिणेला जाताना मागून डावीकडून मिळतो, होडी आरामात पळते. कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्जचा दीपस्तंभ उजव्या हाताला लांब ठेवा, त्याच्या आसपास खडक आहेत. आणि तिथंच मोठ्या जहाजांचा चॅनेल आहे, न्हावाशेवाला जाणारी कंटेनर जहाजं लांबून हळू वाटतात पण दहा मिनिटांत डोक्यावर येतात आणि ती तुमच्यासाठी वळूही शकत नाहीत थांबूही शकत नाहीत, त्यामुळे चॅनेल काटकोनात पार करायचा, त्यात रेंगाळायचं नाही, वारा पडला तर सरळ इंजिन चालू करायचं, तिथं शिडाचा हट्ट नको. व्हीएचएफ रेडिओ 16 नंबरवर चालू ठेवा.

दहा-अकराला वारा मरतो. मतलई संपलेला असतो आणि समुद्रावरून येणारा खारा वारा अजून सुरू झालेला नसतो. घाबरू नका, डबा खा. ओहोटी अजून दक्षिणेलाच ढकलतेय. फक्त कोळ्यांच्या जाळ्यांचे बोये बघत राहा, इंजिनाच्या पंख्यात दोरी गुंतली की दिवस वाया आणि वर त्यांच्या जाळ्याचं नुकसान.

जवळ आलात की दोन टेकाडं आणि दीपस्तंभ दिसतो, तीच खांदेरी. अलीकडे किनाऱ्याजवळ बुटकी उंदेरी. दोघींच्या मधे आणि उंदेरीच्या आसपास खडप, म्हणजे पाण्याखालचे खडक आहेत, चार्ट नीट बघितल्याशिवाय तिथं शिरायचं नाही. (1679 मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली तेव्हा इंग्रजांनी वेढा घातला होता, पण त्यांची मोठी जहाजं वारा पडला की जागच्या जागी अडकायची आणि आपली छोटी गलबतं वल्ह्यांवर किनाऱ्याच्या उथळ पाण्यातून सामान पोचवायची. होडी लहान असण्याचा फायदा तेव्हाही होता.)

आता नांगर. दुपारी वायव्येचा खारा वारा सुरू होतो, लाटाही तिकडूनच, म्हणून बेटाच्या पूर्वेला, किनाऱ्याकडच्या अंगाला आडोसा मिळतो. सगळे तिथंच जातात आणि आडोसा जास्त मिळावा म्हणून बेटाला चिकटून नांगर टाकतात. इथंच फसतात. मध्यरात्रीनंतर वारा फिरतो, परत जमिनीवरून यायला लागतो, होडी नांगराभोवती अर्धी फिरते आणि तुमची मागची बाजू बेटाच्या खडकांकडे होते. नांगर सरकला तर मागे जागाच नाही. त्यामुळे जागा बघताना आत्ताचा वारा विसरा, उलटा वारा डोक्यात आणा आणि मग अंतर ठरवा.

दोरीचा हिशोब असा. पोचलात तेव्हा ओहोटी संपत आलेली असेल, समजा खोली 3 मीटर. त्यात चढणारं पाणी 2 मीटर, नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची 1 मीटर, झाले 6. साखळी आणि दोरी मिळून याच्या पाचपट, म्हणजे 30 मीटर सोडा. नुसती दोरी असेल तर सातपट. आता 30 मीटर दोरी आणि 7 मीटर होडी म्हणजे तुमच्या वर्तुळाची त्रिज्या 37 मीटर, म्हणून खडकापासून किमान त्याच्या दुप्पट लांब राहा. धक्क्याच्या तोंडाशी तर नांगर टाकूच नका, येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांची वाट असते ती.

खाली चिखल आहे की खडप हे चार्टपेक्षा समोरच्या किनाऱ्यावरच्या थळ गावच्या माणसाला जास्त माहीत असतं. जवळून होडी गेली तर विचारा, "नाखवा, हितं खाली चिखल हाय का खडप?" लोक सांगतात, हातानेच दाखवतात कुठं टाकायचा ते. चिखल असेल तर नांगर छान धरतो. शंका असेल तर नांगराच्या डोक्याला वेगळी बारीक दोरी आणि छोटा बोया बांधून सोडा, खडपात अडकला तर उलट्या बाजूने ओढून काढता येतो.

नांगर टाकला की काम संपलं असं नाही. होडी मागे जाऊ द्या, मग इंजिन रिव्हर्समध्ये हळूहळू वाढवा आणि दुसरा हात ताणलेल्या दोरीवर ठेवा. नांगर बसला असेल तर दोरी तारेसारखी ताठ आणि शांत लागते, सरकत असेल तर हाताला खरखर जाणवते, झटके बसतात. खरखर लागली तर उचला आणि परत टाका, कंटाळा करू नका. मग दीपस्तंभ आणि बुरुजाची कड अशा दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा, रेष मोडली म्हणजे होडी हलली. फोनमध्ये अँकर अलार्म लावा, होडी जागेवरून सरकली की तो वाजतो. दोरी जिथं काठाला घासते तिथं जुना पाइप किंवा फडकं गुंडाळा.

अंधार पडायच्या आत सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा वर चढवा. हे ऑप्शनल नाही, रात्री मच्छीमार होड्या ये-जा करतात. झोपायचं होडीतच, बेटावर मुक्कामाचा विचार सोडा, आणि दिवसा उतरायचं असेल तरी परवानगीचं आधी निघायच्या अगोदर विचारून घ्या. अलार्म एकचा लावा, वारा फिरताना जागं असायला पाहिजे, होडी वळली, दोरी परत ताणली, नव्या खुणा धरल्या की मग झोपा.

दुसऱ्या दिवशी निघायची घाई करू नका. सकाळी मतलई तोंडावर आणि ओहोटी उलटी, दोन्ही तुमच्या विरुद्ध. नाश्ता करा, शिडं तपासा. बाराच्या सुमारास खारा वारा आधी पश्चिमेचा येतो तेव्हाच निघा, तो वायव्येला सरकायच्या आत जेवढं उत्तर गाठता येईल तेवढं गाठा, आणि एकच्या आसपास भरती लागली की तीही घराकडेच ढकलते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, चारला प्राँग्ज दिसत नसेल तर इंजिन लावा. पेट्रोल त्या हिशोबाने न्या, येण्या-जाण्याला पुरेल एवढं आणि वर त्याच्या निम्मं. कोस्ट गार्डचा 1554 नंबर फोनमध्ये आणि एका कागदावर दोन्हीकडे लिहून ठेवा, आणि किनाऱ्यावर एका माणसाला सांगून जा की किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं.