नाशकात कमी पगारात घर चालवणाऱ्या बापांनो, येण्याजाण्याच्या या चुका टाळा

बारा-पंधरा हजार पगार, दोन पोरं, घरात म्हातारी आई, आणि खोली चुंचाळ्यात नाहीतर पाथर्डी गावाच्या पुढे कुठेतरी. अशा माणसाचा भाडं आणि किराणा सोडला तर मोठा पैसा येण्याजाण्यातच जातो, आणि तो दहा-वीस रुपयांनी जात असल्यामुळे महिनाअखेरीस कुठे गेला ते सांगताच येत नाही. सवलती नाहीत असं नाही, पण एसटीच्या वेगळ्या, सिटीलिंकच्या म्हणजे शहर बसच्या वेगळ्या, रेल्वेच्या वेगळ्या, आणि प्रत्येकीला कागद वेगळा. दुसरं म्हणजे हे सगळं आपण गरज पडल्यावर शोधायला लागतो, आणि गरज पडते तेव्हा हातात पोरगं असतं, घाई असते, मग समोर दिसेल ती रिक्षा करतो. म्हणून आधीच सांगतो, सवलतीचे कागद शांत दिवशी करून ठेवायचे, अडचणीच्या दिवशी नाही.

हिशोब न करता हप्त्यावर गाडी घेणं

डाउन पेमेंट कमी दिसतं म्हणून बाईक घेतात आणि नंतर हप्ता, पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग मिळून पगाराचा मोठा लचका जातो. गाडी घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रंगारी, ज्याला दिवसात तीन ठिकाणी जायचंय त्याला गाडी पाहिजेच. पण घर ते सातपूर एमआयडीसी आणि परत, एवढंच असेल तर आधी महिनाभर बसने जाऊन बघा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा, मग ठरवा. आणि एका गाडीवर बायको, मोठा मुलगा, मध्ये धाकटी अशी वरात नेऊ नका, ट्रिपल सीटला एक हजार दंड आहे, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं, पण दंड राहू द्या, द्वारकेच्या त्या चौकात ट्रकच्या शेजारी पोरगं मध्ये दाबून बसलेलं बघवत नाही. चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर फेब्रुवारी 2023 पासून त्याला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा लागतो आणि गाडी 40 च्या वर न्यायची नाही, हा नियम किती जणांना माहितीये?

खोली बदलताना पण हेच. भाडं पाचशेने कमी म्हणून लांब जाता आणि तिथून शाळेला, कामाला, दवाखान्याला एकही सरळ बस नसते, मग ते पाचशे आठवड्यात रिक्षावाल्याला जातात. खोली बघायला जाताना बसने जा, एवढं केलं तरी पुष्कळ कळतं.

पास कोणी काढावा, कोणी नाही

एसटीचा मासिक पास म्हणजे 20 दिवसांचं भाडं भरा आणि 30 दिवस फिरा. आठवड्याला एक सुट्टी धरून महिन्याला 25-26 दिवस कामावर जाणाऱ्याचे सरळ पाच-सहा दिवसांचे पैसे वाचतात, सिन्नर, दिंडोरी, निफाड कडून रोज येणाऱ्यांनी हा पास न काढणं म्हणजे पैसे सोडून देणं आहे. पण नाक्यावर उभं राहून काम मिळवणारा बिगारी, मिस्त्री, ज्याला महिन्यात पंधरा दिवसच काम लागतं, त्याने कोणी सांगितलं म्हणून पास काढू नये, त्याचं नुकसान होतं. 20 दिवसांच्या वर जाणं होतंय का, एवढंच बघायचं. शहरातल्या शहरात असाल तर सिटीलिंकचा पास वेगळा, एसटीचा पास तिथे चालत नाही. कितीतरी लोकांना अजून वाटतं की शहरातली बस एसटीचीच आहे, पूर्वी होती, जुलै 2021 पासून महापालिकेची सिटीलिंक आहे आणि हिशोब पूर्ण वेगळा आहे.

पासाची तारीख संपलेली असते आणि आपल्या लक्षात नसतं, ते कंडक्टरच्या लक्षात येतं आणि मग सगळ्या बससमोर वाद. मोबाईलमध्ये दोन दिवस आधीची आठवण लावून ठेवा.

हाफ तिकिटाचा गोंधळ

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, 17 मार्च 2023 पासून, महिला सन्मान योजना. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला, मुलीला अर्धं तिकीट आधीपासूनच आहे, आणि मुलगी बारा वर्षांची झाली की बापाला वाटतं आता फुल, तसं नाही, तिला महिलांची सवलत लागू होते. म्हणजे तुम्ही, बायको, चौदा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा गावाला निघालात तर फुल तिकीट फक्त तुमचं. आईचं वय 65 च्या पुढे गेलं असेल तर तिला ज्येष्ठांचीही अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, आणि 75 पूर्ण झाली असतील तर प्रवास फुकट, ऑगस्ट 2022 पासून. पण ओळखपत्र पाहिजे. आईचं आधार घरी पेटीत आणि ती बसमध्ये, हे फार होतं. नुसता चेहरा बघून कंडक्टर सवलत देऊ शकत नाही, त्याच्याही नोकरीचा प्रश्न असतो, त्याच्याशी भांडू नका.

बायकांची ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. सापुतारा, सुरत कडे जाणार असाल तर हद्दीपुढचं भाडं पूर्ण लागतं, तेव्हा दोन हिशोब ऐकून कंडक्टर फसवतोय असं समजू नका. आणि ही एसटीची योजना आहे, सिटीलिंकमध्ये बायकोचं हाफ तिकीट गृहीत धरून मोजकेच सुट्टे घेऊन निघू नका.

घरात कोणी दिव्यांग असेल तर एसटीत 75 टक्के सवलत आहे, आणि सर्टिफिकेटवर टक्केवारी जास्त असेल तर सोबत्यालाही सवलत मिळते. म्हणजे मुलाला घेऊन जाणारा बाप स्वतःचं फुल तिकीट काढत असेल तर आधी सर्टिफिकेटवरचा आकडा वाचा.

शाळेचा प्रवास हा फक्त बापाचा खर्च समजणं

शाळा-कॉलेजच्या मुलांना एसटीच्या पासावर तिकिटाच्या फक्त एक तृतीयांश पैसे भरावे लागतात, आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. गिरणारे, हरसूल, पेठ, सुरगाणा पट्ट्यातून मुली शिकायला येतात, त्यांच्या बापांना हे माहिती असायला पाहिजे, पण अजूनही काही घरात रोजचं तिकीट परवडत नाही म्हणून आठवीनंतर मुलीला घरी बसवतात. जी गोष्ट फुकट आहे तिच्या खर्चामुळे मुलीची शाळा सुटते, याचं फार वाईट वाटतं. पासासाठी दिवस मोडून आगारात रांग लावायचीही गरज नाही, जून 2024 पासून एसटीने पास शाळेतच द्यायचं सुरू केलंय, शाळेने यादी द्यायला लागते. मुख्याध्यापकांना जाऊन विचारा, यादीत नाव गेलं का.

दुसरं, गावाजवळ शाळाच नसेल, म्हणजे पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत नाही किंवा सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत नाही, तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वाहतूक भत्ता मिळतो. वाडी-वस्तीवरच्या आणि वीटभट्टीवर राहणाऱ्या कुटुंबांनी हे नक्की विचारायचं. पैसे खात्यावर येतात, त्यामुळे खातं आणि आधार जोडलेलं आहे का ते बघा, नाहीतर मंजूर होऊनही अडकतं.

दवाखान्याच्या वेळी खिशातून गाडी करणं

हे मी मुद्दाम जास्त लिहितोय. बाळंतपण सरकारी दवाखान्यात असेल तर घरातून दवाखान्यात नेणं, एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवणं आणि डिस्चार्जनंतर घरी सोडणं, तिन्ही फुकट आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, 2011 पासून, नंबर 102. बाळ आजारी पडलं तर एक वर्षाचं होईपर्यंत त्यालाही हे लागू आहे. न्यायला गाडी येते हे बऱ्याच जणांना माहिती असतं, घरी सोडायला पण येते हे माहिती नसतं.

एका दवाखान्याच्या गेटबाहेर पेठकडचा एक तरुण बाप मी बघितला, बायको दोन दिवसांची बाळंतीण, बाळ शालीत गुंडाळून सासूकडे, हातात प्लास्टिकची पिशवी त्यात डिस्चार्जची फाईल, आणि तो रिक्षावाल्याशी स्टँडपर्यंतचे पैसे ठरवत होता, पुढे स्टँडवरून जीप करणार होता. मी विचारलं आत कोणी सांगितलं नाही का गाडीचं, तर म्हणाला, "दादा, मी विचारलंच नाही, कागद दिला आणि निघालो." परत आत जाऊन सिस्टरला सांगितलं, थांबायला लागलं खरं, पण गाडी मिळाली. म्हणून डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच वॉर्डात सांगून ठेवा, किंवा गावातल्या आशाताईंना फोन करा, त्यांना कोणाशी बोलायचं ते बरोबर माहिती असतं. सकाळी अकरा वाजता निघायचं आणि साडेदहाला विचारायचं, तर गाडी दुसरीकडे गेलेली असते.

अपघात, छातीत दुखणं, साप चावला, अशा वेळी ॲम्ब्युलन्ससाठी 108. इथे चूक अशी होते की लोक पत्ता नीट सांगत नाहीत. "मळ्यात" किंवा "गल्लीत" एवढ्यावर गाडी येत नाही, जवळचं मंदिर, शाळा, पाण्याची टाकी सांगा आणि एक माणूस मेन रोडवर उभा करा.

मोठा आजार असेल तर वेगळं. सिकलसेल, डायलिसिस, हिमोफिलिया, कॅन्सर या रुग्णांना एसटीत सवलत आहे, त्यासाठी सरकारी डॉक्टरचा दाखला लागतो. आणि मुलाला घेऊन परळला टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्यांनी रेल्वेची सवलत सोडू नका, कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला 75 टक्के. त्याचा फॉर्म हॉस्पिटलच देतं, सही आणि शिक्क्यासकट, आणि तिकीट मोबाईलवर मिळत नाही, नाशिकरोडच्या रिझर्व्हेशन काउंटरवरच काढावं लागतं. फॉर्म हातात आला की तिथेच उभं राहून नाव वाचा. आधारवर क्रिष्णा आणि फॉर्मवर कृष्णा, असा फरक निघाला तर काउंटरवर परत पाठवू शकतात, आणि तो दुरुस्त करायला परत मुंबई. जाण्याचा आणि येण्याचा दोन्ही फॉर्म एकदमच मागून घ्या.

रेल्वेबद्दल जुनी माहिती धरून बसणं

ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली ती अजून सुरू झालेली नाही. आईवडिलांचं तिकीट काढताना निम्मेच पैसे घेऊन रांगेत लागलेले लोक अजून दिसतात. लहान मुलाचं पण बदललंय, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला रिझर्व्हेशनमध्ये वेगळा बर्थ मागितला तर पूर्ण भाडं, बर्थ नको म्हटलं तर अर्धं. इगतपुरी, मनमाड असल्या प्रवासाला जनरलचं अर्धं तिकीट काढा, पुरतं.

रोज नाशिकरोडहून मनमाड, लासलगाव, इगतपुरी जाणाऱ्यांनी मंथली पास काढला की रोजच्या तिकिटाच्या मानाने खूप स्वस्त पडतो. फक्त तो पास कोणत्या गाडीत, कोणत्या डब्यात चालतो ते विचारून घ्या, रिझर्व्हेशनच्या डब्यात चढलात की दंड, आणि सुपरफास्टला वेगळे पैसे लागतात. इज्जत नावाचा पण एक पास आहे, 25 रुपयांत महिनाभर, 150 किलोमीटरपर्यंत, असंघटित कामगारांसाठी, पण उत्पन्नाची अट महिन्याला 1500 रुपयांची. आज 1500 रुपयांत कोण जगतं, ही अट कधीच वाढायला पाहिजे होती असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर स्टेशनवर एकदा विचारा.

शेअर रिक्षा आणि शेवटची बस

शेअर रिक्षा वाईट नाही, शालिमार, सीबीएस, द्वारका, नाशिकरोड, अर्धं शहर तिच्यावर चालतं. पण परमिट तीन सीटचं असतं, ड्रायव्हरच्या बाजूला पोराला अर्धवट टेकवून बसवू नका, पुढची रिक्षा दोन मिनिटांत येते. बाहेरगावी जाताना स्टँड आधी विचारा, जुनं सीबीएस, ठक्कर बाजार, मेळा आणि महामार्ग हे चार वेगवेगळे स्टँड आहेत आणि सामान-पोरांसकट चुकीच्या स्टँडवर उतरलं की वाचलेले पैसे परत रिक्षात जातात.

सेकंड शिफ्टवाल्यांचा प्रश्न खरा अवघड आहे. अंबड-सातपूरहून रात्री सुटल्यावर बस मिळेलच असं नाही, आणि सिटीलिंक वाहकांच्या थकलेल्या पगारावरून याआधी काही वेळा बंदही पडलेली आहे. त्यामुळे एकाच बसवर अवलंबून राहू नका, त्याच शिफ्टचे त्याच बाजूला राहणारे चार-पाच जण शोधा, महिन्याच्या बोलीवर एक रिक्षा ठरवा, रोजच्यापेक्षा नक्की कमी पडते. कंपनीची बस दुसऱ्या भागात जात असेल तर थांबा वाढवून मागा, एकट्याने नाही, पंधरा-वीस सह्यांचा अर्ज करून. काँट्रॅक्टवर असलात तरी अर्ज करता येतो, सही करायला घाबरू नका.

बस आलीच नाही, थांब्यावर थांबली नाही, सवलत नाकारली, अशा वेळी तिकीट फेकू नका. तिकिटावर वेळ आणि गाडीचा तपशील असतो, बसचा नंबर लिहून घ्या आणि एसटीचं असेल तर आगारप्रमुखांकडे लेखी द्या, पोच घ्या. रेल्वेचं असेल तर 139.