घरी रक्तदाब मोजताना हात कोठे ठेवावा

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या आमच्या काकांचा रक्तदाब रोज सकाळी दिवाणावर मोजला जातो. काका कडेला बसतात, पाय अधांतरी, हात मांडीवर, आणि काकू मशीनचे बटण दाबता दाबता पोह्यांवर शेव किती घालायची ते विचारतात. गेल्या हिवाळ्यात वरचा आकडा सलग चार दिवस १४० च्या पुढे गेला, तेव्हा काकांनी शेव सोडली आणि गोळी वाढवून घेण्याचे ठरवले. शेव सोडली हे चांगलेच झाले. गोळीचा निर्णय मात्र मशीनपुढे नीट बसल्यानंतर व्हायला हवा होता.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३३ प्रौढांचा रक्तदाब हाताच्या तीन स्थितींत मोजला. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असताना मिळालेल्या आकड्याच्या तुलनेत, हात मांडीवर ठेवल्यास वरचा आकडा सरासरी ३.९ ने आणि खालचा ४ ने जास्त आला; हात बाजूला नुसता लोंबता ठेवल्यास वरचा ६.५ ने आणि खालचा ४.४ ने वाढला. कारण साधे आहे: हात हृदयाच्या खाली गेला की मधल्या रक्ताच्या स्तंभाचा भार मोजमापात मिसळतो. ज्याचा खरा आकडा १३४ आहे, तो केवळ हात लोंबता ठेवल्यामुळे १४० च्या रांगेत जाऊन बसतो.

म्हणून प्रथम बैठक ठरवावी. पाठ टेकेल अशी खुर्ची घ्यावी, दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट ठेवावेत, पायावर पाय टाकू नये. दंडावरील पट्ट्याचा मध्य छातीच्या मध्याच्या उंचीवर आला पाहिजे. जेवणाचे टेबल बहुधा थोडे खाली पडते, अशा वेळी कोपराखाली घडी घातलेली चादर ठेवावी. आमच्याकडे आता देवघरातला जुना पाट टेबलावर येतो आणि त्यावर टॉवेल अंथरला जातो. हात स्वतः उचलून धरू नये, कारण स्नायू ताणले गेले तरी आकडा वाढतो.

पट्ट्याकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक तेथेच होते. त्याच विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात, ज्यांच्या दंडाला सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीच्या मापाचा पट्टा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला; उलट बारीक दंडाला मोठा ठरणारा पट्टा आकडा कमी दाखवतो. शिंप्याची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजावा आणि पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरच्या मर्यादेत तो बसतो का, ते पाहावे. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटे वर बांधावा. जानेवारीच्या थंडीत स्वेटरची बाही वर सरकवून ठेवली, तर तिचाच फास दंडाला बसतो. त्यापेक्षा तो हात बाहीतून बाहेर काढावा.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू आणि फिरणे टाळावे, लघवीला जाऊन यावे आणि मग पाच मिनिटे स्वस्थ बसावे. या पाच मिनिटांत आणि मोजतानाही बोलू नये. शेवेचा प्रश्न नंतर सोडवता येतो. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून ज्या हाताचा आकडा जास्त येतो, तोच हात पुढे कायम ठेवावा.

सकाळी गोळी आणि नाश्ता घेण्यापूर्वी दोनदा, व रात्री झोपण्यापूर्वी दोनदा, प्रत्येक वेळी मिनिटभराचे अंतर ठेवून सात दिवस मोजावे. सगळे आकडे, अगदी न आवडलेलेही, वहीत लिहावेत. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. दवाखान्यात १४०/९० ही उच्च रक्तदाबाची मर्यादा मानतात, तर घरच्या मोजमापासाठी ती सर्वसाधारणपणे १३५/८५ धरली जाते.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर घराघरांत वाद होतात. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू यांच्या प्रमाणात दोन्ही वेळांमध्ये फरक आढळला नाही. जी वेळ न चुकता पाळली जाईल ती डॉक्टरांशी बोलून ठरवावी. वहीतले आकडे पाहून गोळी स्वतःहून कमी-जास्त करू नये.

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, बोलताना जीभ जड होणे किंवा एका अंगातील शक्ती जाणे यांपैकी काही असेल, तर पुन्हा मोजत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे. तसे काही नसेल, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे आणि आकडा तेवढाच आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

पुढच्या तपासणीला जाताना वहीबरोबर मशीनही पिशवीत टाकावे. डॉक्टरांचे यंत्र आणि आपले यंत्र यांवर त्याच हाताचा रक्तदाब लागोपाठ मोजून घेतला, म्हणजे घरचे यंत्र किती वर-खाली दाखवते ते तेथेच समजते. नाडी अनियमित असल्यास हेही विचारून घ्यावे की स्वयंचलित यंत्र आपल्यासाठी चालेल का, कारण अशा नाडीत त्याचे आकडे भरवशाचे राहत नाहीत.