जुन्या मोटरसायकल इंजिनाचे कॅम टायमिंग आणि व्हॉल्व्ह लिफ्ट कशी तपासावी

टायमिंग गिअरवरच्या खुणा जुळल्या म्हणजे टायमिंग बरोबर बसले, असे मानणे सोयीचे आहे, पण जुन्या इंजिनाच्या बाबतीत ते धोक्याचे ठरू शकते. अशा इंजिनात मध्यंतरी कधीतरी कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललेला असतो, त्यावरचे झिजलेले लोब, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे उंचवटे, पुन्हा ग्राइंड केलेले असतात किंवा दुसऱ्याच मॉडेलचा गिअर बसवलेला असतो, आणि यांपैकी काहीही खुणांवरून ओळखता येत नाही. म्हणून इंजिन खुणांवरून जोडावे, पण व्हॉल्व्ह नेमका कधी आणि किती उघडतो (म्हणजे त्याची लिफ्ट) याचा निर्णय डिग्री व्हील, म्हणजे अंशांच्या खुणा असलेली चकती, आणि डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारे काट्याचे मापयंत्र, यांवर सोपवावा.

डिग्री व्हील शक्य तितके मोठे घ्यावे, कारण २०० मिमी व्यासाच्या चकतीवर एक अंश म्हणजे कडेला सुमारे १.७५ मिमी अंतर, आणि लहान चकतीवर ते वाचताना डोळ्यांना ताण पडतो. चकती क्रँकशाफ्टच्या टोकावर घट्ट बसवावी आणि जाड तारेचा काटा क्रँककेसच्या एखाद्या बोल्टखाली पक्का करावा. काटा जरा जरी हलला तरी पुढची सगळी मापे वाया जातात. सर्व स्पार्क प्लग काढून ठेवावेत, म्हणजे इंजिन हाताने सावकाश फिरते.

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे टॉप डेड सेंटर, अर्थात टीडीसी, म्हणजे पिस्टनची सर्वांत वरची जागा शोधणे. पिस्टन सर्वांत वर आला की नाही हे नुसत्या डायल गेजने ठरवू नये. ८२ मिमी स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वर-खाली धावेच्या) इंजिनात टीडीसीपासून दोन अंश फिरले तरी पिस्टन जेमतेम ०.०३ मिमी हलतो, त्यामुळे ‘सर्वांत वर’ हा बिंदू नसून एक पट्टा असतो. त्याऐवजी प्लगच्या छिद्रातून पिस्टन स्टॉप, म्हणजे पिस्टनला अडवणारा दांडा, बसवावा, तो व्हॉल्व्हच्या वाटेत येत नाही याची आधी खात्री करून घ्यावी, आणि पिस्टन स्टॉपला हलकेच टेकेपर्यंत क्रँक एकदा पुढे व एकदा मागे फिरवावा. समजा एका बाजूला ३८ आणि दुसऱ्या बाजूला ४४ अंश दिसले, तर क्रँक न हलवता चकती तीन अंश सरकवावी, म्हणजे दोन्हीकडे ४१ येतील आणि चकतीवरचे शून्य हेच खरे टीडीसी होईल. दोन्ही बाजूंचे आकडे पुन्हा एकदा पडताळून स्टॉप काढून टाकावा.

यानंतर टॅपेटचे अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह मिटलेला असताना त्याला उघडणाऱ्या भागांत ठेवलेली बारीक फट. जुन्या कॅमच्या लोबवर आवाज कमी करण्यासाठी लांब, मंद उतार दिलेले असतात आणि तेथे व्हॉल्व्ह इतका हळू हलतो की अंतरात ०.०५ मिमीचा फरक पडला तरी उघडण्याचा क्षण कित्येक अंशांनी सरकतो. म्हणूनच अनेक उत्पादक टायमिंग तपासण्यासाठी नेहमीपेक्षा मोठे अंतर सांगतात. काही जुन्या ब्रिटिश इंजिनांसाठी ते ०.०२० इंच, म्हणजे सुमारे ०.५ मिमी असते. पुस्तिकेतले अंश ज्या अंतरावर दिले आहेत, त्याच अंतरावर आपण मोजले नाही तर त्या अंशांना काहीही अर्थ उरत नाही.

डायल गेजचे टोक व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या वरच्या वाटीवर टेकवावे आणि गेज व्हॉल्व्हच्या दांड्याला समांतर ठेवावा. दहा अंशांच्या तिरकेपणाने मापात सुमारे दीड टक्का चूक येते, म्हणजे ८ मिमी लिफ्टमागे ०.१२ मिमी. आता क्रँक फक्त इंजिन चालते त्याच दिशेने फिरवावा. हवा तो अंश चुकून पुढे गेला तर बराच मागे जाऊन पुन्हा पुढे यावे, नाहीतर गिअर किंवा चेनमधला ढिलेपणा मापात मिसळतो. चकती इंजिनाच्या कोणत्या बाजूला आहे त्यावर फिरण्याची दिशा उलटसुलट दिसते, हेही ध्यानात ठेवावे.

व्हॉल्व्ह उघडण्याचा आणि मिटण्याचा अंश लिहून घ्यावा. समजा इनलेट व्हॉल्व्ह टीडीसीच्या २८ अंश आधी उघडतो आणि बॉटम डेड सेंटरनंतर (पिस्टनच्या सर्वांत खालच्या जागेनंतर) ६२ अंशांवर मिटतो, तर तो एकूण २८ + १८० + ६२ = २७० अंश उघडा राहतो. त्याचे निम्मे १३५, त्यातून २८ वजा केले की लोबचा मध्य टीडीसीनंतर १०७ अंशांवर येतो. माझ्या मते हा मध्य उघडण्या-मिटण्याच्या सुट्या आकड्यांपेक्षा अधिक विश्वासार्ह असतो, कारण दोन्ही टोकांच्या चुका त्यात बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. मात्र लोबच्या दोन्ही बाजू सारख्या नसतील तर तो फसवा ठरतो. तशा कॅमसाठी ओव्हरलॅपच्या टीडीसीला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात तेव्हा, प्रत्येक व्हॉल्व्हची लिफ्ट मोजून ती कॅम बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याशी ताडावी.

सर्वाधिक लिफ्ट मोजताना आधी टॅपेटचे अंतर लिहून ठेवावे, कारण व्हॉल्व्हची लिफ्ट म्हणजे कॅमची लिफ्ट गुणिले रॉकरचे (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या तरफेचे) गुणोत्तर, वजा व्हॉल्व्हपाशी असलेले अंतर. दोन सिलिंडरच्या इंजिनात दोन्ही इनलेट एकमेकांशी आणि दोन्ही एक्झॉस्ट एकमेकांशी ताडावेत. एकाचीच लिफ्ट कमी भरली तर त्या लोबची किंवा टॅपेटची झीज हा पहिला संशय. सगळ्याच कमी भरल्या तर कॅमच वेगळा असू शकतो.

लोबचा मध्य पुस्तिकेतल्या आकड्यापासून दोन अंशांच्या आत असेल तर रस्त्यावरच्या इंजिनासाठी तो तसाच ठेवावा. इनलेटचा मध्य बराच उशिरा येत असेल तर चेन असलेल्या इंजिनात आधी चेनचा ताण पाहावा. एक दात सरकवणे हा बहुधा फार मोठा बदल असतो: ५० दातांच्या कॅम गिअरवर एक दात म्हणजे क्रँकचे १४.४ अंश. म्हणूनच काही इंजिनांत कॅम गिअरला ‘की’ (गिअर शाफ्टवर अडकवणारी पाचर) बसवण्याच्या तीन खाचा असतात आणि त्यांनी दाताहून लहान बदल करता येतो. ट्रायम्फच्या जुन्या पुशरॉड ट्विनमध्ये मधल्या गिअरला ४७ दात असल्यामुळे खुणा क्रँकच्या ९४ फेऱ्यांनंतरच पुन्हा जुळतात. दोन फेऱ्यांत त्या जुळल्या नाहीत म्हणून घाबरून गिअर काढू नयेत.

टायमिंग बदलल्यास किक मारण्यापूर्वी टॅपेट चालत्या इंजिनाच्या मापावर आणावेत. मग ओव्हरलॅपच्या टीडीसीच्या आधी-नंतर दहा अंशांच्या टप्प्यात व्हॉल्व्ह हाताने खाली दाबून पिस्टनपर्यंतचे अंतर डायल गेजवर पाहावे. ते इनलेटला १.५ मिमी आणि एक्झॉस्टला २ मिमीपेक्षा कमी असू नये.