क्लॅरिनेट घेताना कंपनीचं नाव किती बघावं?

क्लॅरिनेट घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न कंपनीचा येतो. यामाहा की बुफे क्रॅम्पॉन? माझं मत असं, की शिकायला सुरुवात करणाऱ्याला चांगल्या कंपनीचं नाव भरवसा देतं. सूर देत नाही. त्या नावामुळे वाद्याची छिद्रं मापात असतात, चाव्यांचा धातू सहज वाकत नाही, सुटे भाग मिळतात आणि पुढे विकायचं झालं तर गिऱ्हाईक मिळतं. हे फायदे मोठे आहेत. पण ते पदरात पाडून घ्यायचे तर पुढच्या क्रमानं चला.

आधी गुरूंना विचारा. आज जगभर बहुतेक जण बोएम पद्धतीचं, म्हणजे चाव्यांच्या त्या मांडणीचं क्लॅरिनेट वाजवतात. १८३९ ते १८४३ च्या दरम्यान पॅरिसमध्ये वादक क्लोझे आणि वाद्य बनवणारे ऑग्युस्त बुफे यांनी ती पद्धत घडवली. तिच्यात साधारणपणे १७ चाव्या आणि बोटांच्या छिद्रांभोवती ६ कड्या असतात. पण आपल्याकडच्या जुन्या बँडमध्ये आणि कर्नाटक संगीतात अल्बर्ट पद्धतीची, कमी चाव्यांची क्लॅरिनेटही वाजत आली आहेत. दोन्हींची बोटं वेगळी पडतात. गुरू अल्बर्टवर शिकवत असतील तर तुमचं नवं कोरं बोएम पेटीतच पडून राहील. गुरू अजून ठरले नसतील तर बी फ्लॅट पट्टीचं बोएम घ्या.

मग दुरुस्ती करणारा शोधा. हे खरेदीच्या आधीच करा. पॅड (छिद्रं झाकणाऱ्या चाव्यांखालच्या मऊ गाद्या) बदलणारा, स्प्रिंग बसवणारा कारागीर तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात आहे का, आणि तो कोणत्या कंपनीची वाद्यं हाताळतो, हे विचारून घ्या. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या स्वस्त वाद्यांचं खरं दुखणं इथेच असतं. चावी वाकली की सुटा भाग मिळत नाही.

लाकडी की प्लॅस्टिक, यावर फार झुरू नका. लाकूड म्हणजे बहुधा आफ्रिकन ब्लॅकवुड. ते सुंदर असतं, पण हवामानाच्या चढउतारात त्याला तडा जाऊ शकतो. कोकणातला पावसाळा, विदर्भातला उन्हाळा आणि वर एसीची खोली असं सगळं सोसायचं असेल तर पहिलं वाद्य प्लॅस्टिकचंच बरं. यामाहाचं वायसीएल-२५५ हे त्यातलं खात्रीचं उदाहरण. मिरवणुकीत, उन्हात वाजवणार असाल तर प्लॅस्टिकच घ्या.

आता नावाकडे वळू. एका कंपनीची सगळी वाद्यं सारखी नसतात. बुफे क्रॅम्पॉनचं आर-१३ मोठमोठ्या वाद्यवृंदांत वाजतं, म्हणून त्याच कंपनीचं विद्यार्थ्यांसाठीचं मॉडेल तसं वाजेल असं नाही. जुन्या वाद्यांत तर नाव आणखी फसवं ठरतं. ‘सेल्मर’ हे नाव पॅरिसच्या उत्तम वाद्यांवर दिसतं, तसंच अमेरिकेत बनलेल्या विद्यार्थी वाद्यांवरही दिसतं. बूसी अँड हॉक्सचं रीजेंट हे साधं शिकाऊ वाद्य, तर त्याच घराण्याचं १०१० हे व्यावसायिक वादकांचं. १०१० ची नळी आतून इतकी रुंद असते, की नेहमीचं माउथपीस (तोंडात धरायचा भाग) लावलं तर सूर बिघडतात. म्हणून नावाबरोबर मॉडेल आणि क्रमांक वाचा.

जुन्या वाद्यावर इंग्रजीत ‘एच.पी.’ असा शिक्का दिसला तर ते घेऊ नका. ते जुन्या चढ्या पट्टीचं असतं आणि आजच्या पेटीशी किंवा कीबोर्डशी जुळत नाही. ‘ए’ अक्षर असेल तर ते वाद्य बी फ्लॅटपेक्षा अर्धा सूर खालचं असतं, हेही ध्यानात ठेवा.

दुकानात गेलात की घाई करू नका. वाजवता येत नसेल तर वाजवणारा माणूस सोबत न्या.

पहिली तपासणी न वाजवता होते. वरचा सांधा, म्हणजे डाव्या हाताच्या चाव्यांचा तुकडा, सुटा करा. त्याची भोकं डाव्या हाताच्या बोटांनी आणि अंगठ्यानं झाका, खालचं तोंड उजव्या तळव्यानं बंद करा आणि वरून हवा ओढा. ओढ दोन-तीन सेकंद टिकली पाहिजे. लगेच सुटली तर कुठलं तरी पॅड गळतंय. लाकडी वाद्याच्या याच सांध्यावर, वरच्या छिद्रांभोवती, तडे शोधा. टॉर्च वापरा, कारण बारीक तडा चाव्यांखाली लपतो. चाव्या हलवून बघा, खुळखुळता कामा नयेत.

मग वाजवून बघा. दहा मिनिटं वाद्य गरम होऊ द्या, थंड क्लॅरिनेट उतरलेलं असतं. बी फ्लॅट क्लॅरिनेटवरचा सी म्हणजे पेटीवरची काळी पाच. ती जुळवून घ्या. त्यानंतर खालच्या सप्तकातला एकेक सूर लावून अंगठ्याची रजिस्टर चावी, म्हणजे वरच्या सप्तकात नेणारी चावी, दाबा. बासरीत जोरानं फुंकल्यावर सा चा तार सा होतो. क्लॅरिनेट मात्र सा वरून थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर जातं. ही उडी प्रत्येक सुरावर सहज व्हायला हवी आणि पंचम सुरेल लागायला हवा. कंपनीच्या नावापेक्षा या एका कसोटीवर मी जास्त विश्वास ठेवेन. दोन सप्तकांच्या सांध्यावरचे ए आणि बी फ्लॅट थोडे पोकळ लागतात. तो बहुतेक क्लॅरिनेटचा स्वभाव आहे, त्यावरून वाद्य नाकारू नका.

सगळे पैसे वाद्यावर खर्च करू नका. आवाजाचा पोत बदलायचा असेल तर माउथपीस आणि रीड (त्यावर बसवायची पातळ पट्टी) यांचा परिणाम सगळ्यात आधी ऐकू येतो. यामाहाचं ४सी माउथपीस सुरुवातीला पुरतं, आणि वँडोरेनचं बी४५ पुढे बरीच वर्षं साथ देतं. रीड दोन किंवा अडीच नंबरच्या (नंबर म्हणजे कडकपणा) घ्या आणि तीन-चार आलटून पालटून वापरा. बजेट तंग असेल तर साधं पण नीट बसवलेलं वाद्य आणि चांगलं माउथपीस ही जोडी महागड्या, गळक्या वाद्यापेक्षा शंभर पटीनं बरी.

वापरलेलं वाद्य घेत असाल तर सौदा पक्का करण्याआधी ते कारागिराला दाखवा आणि पॅड-कॉर्कचा खर्च विचारून तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा.