जिवाणू की विषाणू? रिपोर्ट वाचता येईल इतके शब्द असे पाठ करा

मराठी माध्यमातून शिकून नागपुरात बीएस्सीला मायक्रो म्हणजे मायक्रोबायोलॉजी घेतलं तेव्हा बॅक्टेरिया कोणता न् व्हायरस कोणता यातच पहिले दोन महिने गेले, शेवटी जी पद्धत कामी आली तीच आता नीटची तयारी करून राहिलेल्या भाचीला शिकवते आहे, म्हणून इथं लिहिते.

आधी शब्द फोडा. जीव अधिक अणू जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, विष अधिक अणू विषाणू, म्हणजे व्हायरस. लॅटिनमधे व्हायरसचा अर्थही विषच, म्हणून आपला मराठी शब्द किती नेमका आहे बघा. जिवाणूत जीव आहे म्हणजे त्याची स्वतःची पेशी आहे, तो खातो, वाढतो, एकाचे दोन होतो, विरजणातले लॅक्टोबॅसिलस हेच करतात अन् मे महिन्याच्या उन्हाळ्यात ते इतके भराभर वाढतात की सकाळचं दही दुपारी आंबट. विषाणूजवळ पेशीच नाही, आत डीएनए नाहीतर आरएनए, वरून प्रोटीनचं कवच, त्याला कॅप्सिड म्हणायचं, काहींवर अजून चरबीचं पांघरूण असते ते एन्व्हलप, कोरोनाचं हेच पांघरूण साबणाने फाटते. वाढायला त्याला दुसऱ्याची पेशी लागतेच.

मग आकार, अन् इथं वहीत चित्र काढाच, नुसतं वाचून होत नाही. कॉकस गोल, बॅसिलस काडीसारखा, कॉलऱ्याचा व्हिब्रिओ स्वल्पविरामासारखा. कॉकसच्या आधी स्टॅफायलो लागलं की द्राक्षाचा घोस, स्ट्रेप्टो लागलं की माळ.

रिपोर्टात ग्राम पॉझिटिव्ह नाहीतर ग्राम निगेटिव्ह लिहिलेलं असते, त्यातला ग्राम हे वजन नाही, माणसाचं आडनाव आहे, हान्स ख्रिश्चन ग्राम, त्यांनी 1884 मधे ही जिवाणू रंगवून ओळखायची रीत छापली. जांभळा रंग धरून ठेवणारे ग्राम पॉझिटिव्ह, तो सोडून शेवटी गुलाबी दिसणारे ग्राम निगेटिव्ह. रिपोर्टात ग्राम निगेटिव्ह वाचून 'चला, काही निघालं नाही' म्हणणारे मी घरातच पाहिले, तसं नसते, जिवाणू सापडलेला असतो!

ई-कोलाय हा जिवाणू साधारण 2 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कोरोना 0.1 मायक्रॉनच्या आसपास, म्हणून कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली पहिला दिसतो, दुसरा नाही. त्याचा आरएनए शोधावा लागतो, आरटीपीसीआरमधे आधी आरएनएचा डीएनए करतात अन् मग त्याच्या प्रती वाढवतात. आपल्या नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेची गुळण्यावाली कोरोना टेस्ट, 2021 मधे मंजूर झालेली, तीही आरटीपीसीआरच, फक्त नाकात काडी घालायची गरज नव्हती.

आता ओळखीचे आजार घेऊन स्वतःला विचारत बसा. डेंग्यू? विषाणू. टायफॉइड, टीबी? जिवाणू. 2018 मधे विदर्भात गाजलेला स्क्रब टायफस? तोही जिवाणूच. मलेरिया मात्र दोन्हीत नाही, तो परजीवी, प्लाझ्मोडियम.

अँटिबायोटिक अन् अँटिबॉडी वेगवेगळ्या पानावर लिहा. अँटिबॉडी आपलं शरीर बनवते, अँटिबायोटिक जिवाणूवरचं औषध, पेनिसिलिन जिवाणूला त्याच्या पेशीभोवतीची भिंतच नीट बांधू देत नाही अन् विषाणूला ती भिंतच नसते, म्हणून साध्या सर्दीत या गोळ्या मागू नका. कल्चर रिपोर्टात, म्हणजे जिवाणू लॅबमधे वाढवून त्यावर औषधं तपासतात त्या रिपोर्टात, औषधापुढे एस असला तर ते औषध चालते, आर असला तर जिवाणू त्याला दाद देत नाही, अन् हा आर जिवाणूचा आहे, पेशंटचा नाही, 'माझ्या अंगाला औषध लागत नाही' असा त्याचा अर्थ काढू नका.